साडेसात मीटर माइकची लीड: घरी करताना झालेल्या चुकांसकट नोंदी

८ जून २०२४, शनिवार

सासूबाईंच्या भजनी मंडळाचे चार अभंग आषाढीच्या आत रेकॉर्ड करून द्यायचं कबूल करून बसलेय. आषाढी १७ जुलैला. हातात पाच आठवडे, आणि आज माइकची लीड गेली. तशी ती दोन महिन्यांपासून करकरत होती. माइककडचं टोक विशिष्ट कोनात धरलं की गप्प बसायची. आज कुठल्याच कोनात बसेना.

आमचा स्टुडिओ म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची बेडरूम. तिथे कपड्यांची कपाटं, गाद्या आणि जाड पडदे आहेत, त्यामुळे आवाज घुमत नाही. कॉम्प्युटर आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) मात्र हॉलमध्ये, कारण कॉम्प्युटरचा पंखा कंडेन्सर माइकला (लीडमधूनच ४८ व्होल्ट घेणारा नाजूक माइक) स्पष्ट ऐकू जातो. मधे पॅसेज. स्टँडपासून दाराखालून, पॅसेजमधून इंटरफेसपर्यंत टेपने मोजलं, ६.८ मीटर भरलं. ढील धरून साडेसात. आतापर्यंत पाच मीटरची लीड आणि तिला जोडलेला एक तुकडा असं भागवत होते. तयार लीड पाचची मिळते नाहीतर दहाची. म्हणून म्हटलं, या वेळी घरीच करू. बजेट १,५०० रुपये.

९ जून, रविवार

जुनी लीड फेकण्याआधी उघडून पाहिली. हे आधीच करायला हवं होतं.

माइककडच्या एक्सएलआरचं (माइकच्या लीडचा तीन पिनांचा कनेक्टर) कव्हर फिरवून काढलं. आतला क्लॅम्प केबलच्या बाहेरच्या रबरी आवरणावर आवळलेला असायला हवा. तो बसला होता आतल्या सुट्या तारांवर. म्हणजे लीड ओढली की सगळा ताण थेट सोल्डरच्या डागांवर. बाहेरचा गोंगाट अडवायला तारांभोवती तांब्याची जाळी असते, तिच्या जागी चॉकलेटच्या चांदीसारखा फॉइल होता आणि सोबत एक बारीक उघडी तार. फॉइल घड्यांवर फाटलेला, तार तुटलेली. फॉइलवाली केबल वाईट नसते. तो फॉइल सगळीकडून झाकतो. भिंतीत एकदा घातली आणि विसरलो, अशा कामाला ती उत्तम. रोज गुंडाळायच्या लीडला ती टिकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली. ब्लेडने तार खरवडली तर वरून तांबूस आणि आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खात्री करायला एक केस देवघरातल्या लायटरवर धरला, तर त्याचा लगेच मणी झाला. तांबं लाल होतं, पण इतक्या सहज वितळत नाही (ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ ला). उलटही लक्षात ठेवा. बाहेरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत तांबूस दिसली, तर ती कथिलाचा हात दिलेली तांब्याची तार. ती चांगली, परत करू नका.

१५ जून, शनिवार

मंडईजवळ गाडी लावून तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेले. पहिल्या दुकानात "माइकची केबल" म्हटल्याबरोबर एक रीळ समोर आलं. "साउंडवाले हीच नेतात मॅडम, डोळे झाकून न्या." डोळे उघडे ठेवून टोक कापून दाखवायला सांगितलं. आत एकच तार आणि भोवती जाळी. ही गिटारची. माइकला दोन तारा आणि जाळी लागते, म्हणजे तीन पिनांना तीन वाटा: पिन १ ला जाळी, २ ला हॉट (सुलटा आवाज), ३ ला कोल्ड (तोच उलटा). एका तारेच्या केबलने पिन ३ जाळीला बांधून साधा माइक चालवतात काही जण, पण मग बॅलन्स्ड वायरिंगचा (दोन तारांतला फरक घेऊन गोंगाट वजा करण्याचा) सगळा फायदा गेला आणि ४८ व्होल्टवाल्या कंडेन्सरची पंचाईत.

तिसऱ्या दुकानात हवी तशी मिळाली. दोन तारा, भोवती एकाच दिशेने गुंडाळलेली बारीक तांब्याची सर्पिल जाळी, बाहेरून ६ मिलिमीटर, हाताला मऊ. तिथेच ब्लेडने खरवडली, तांबं निघालं. ४० रुपये मीटर, ८ मीटर घेतली. साधे एक्सएलआर ७० रुपयांना एक. एखादा बिघडवणारच हे माहीत असल्याने दोन मेल, दोन फिमेल असे चार घेतले. शिवाय ६०/४० ची कथलाची तार (सोल्डर) आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), १९० रुपये.

जाळी पाहिली, तांबं पाहिलं, जाडी पाहिली. एक गोष्ट पाहिली नाही. ती का पाहायची असते हे आज माहीत नव्हतं.

१६ जून, रविवार

साडेतीन तास लागले. त्यातले दोन वाया.

पहिल्या टोकाला तिन्ही डाग सुरेख बसले. फोटो काढला. मग लक्षात आलं की एक्सएलआरचं मागचं कव्हर आणि रबरी बूट केबलवर चढवायचे राहिले. ते डाग दिल्यानंतर चढत नाहीत. उकलून परत. (दुसऱ्या टोकाला हेच पुन्हा केलं. खोटं कशाला सांगू.)

दुसऱ्या टोकाला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न जाळीवर फार वेळ टेकवून ठेवलं. जाळीचा पिळा जाड, तो उष्णता खाऊन टाकतो आणि कथील धरत नाही. त्या नादात आतलं काळं प्लास्टिक मऊ पडलं आणि पिन १ चा खाचा कलंडला. तो फिमेल कायमचा गेला. शिवाय तारांवरचं पीव्हीसी उष्णतेने मागे सरकून चार-पाच मिलिमीटर तांबं उघडं पडलं.

इथे सासरे आले. बाबा टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. उभी हयात खड्ड्यात बसून शंभर-शंभर जोड्या जोडण्यात गेली. मी चिडचिड करतेय हे त्यांना स्वयंपाकघरात कळलं असावं. त्यांनी काही न बोलता उरलेल्या फिमेलमध्ये एक मेल खुपसला आणि माझ्या हातात दिला. "आता दे डाग. पिना हलायला जागाच नाही." खरंच, समोरचा जोडीदार खुपसून ठेवला की प्लास्टिक मऊ झालं तरी पिना सरळ राहतात. वर त्यांनी क्रम सांगितला: आधी पिनेच्या वाटीत कथील भर, मग तारेला वेगळं कथील लाव, मग वाटी तापवून तार नुसती बुडव. दोन सेकंद. तेवढ्यात न झाल्यास थांब, गार होऊ दे, पुन्हा कर. रेटू नकोस.

तरी एक डाग फसला. साधा डायनॅमिक माइक (याला ४८ व्होल्ट लागत नाहीत) लावला तर आवाज आला, पण बारीक, सगळा खर्ज गेलेला, जणू दुधात भांडंभर पाणी घातलंय. पिन ३ चा डाग वरून चकचकीत आणि आत ड्राय, म्हणजे तारेला न धरलेला. मल्टिमीटर बीप देत होता, कारण मी टोक दाबून धरत होते. धडा असा की बीप ऐकताना तार हलवत राहायची. हलवल्यावर बीप तुटला तर डाग खोटा.

संध्याकाळी कंडेन्सर लावला. आवाज भरदार, आणि मागे एक सलग "घूंऽऽ". शिवाय कुणी पॅसेजमध्ये केबलवर पाय दिला की ठप्प असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये.

१९ जून, बुधवार

घूं आज किंचित कमी वाटली. परवा जास्त होती. कान की मन, कळत नाही.

ठप्पचं मात्र कळलं. सर्पिल जाळीची केबल दाबली की जाळी आणि तारा एकमेकांवर घासतात, त्यातून बारीक वीज तयार होते आणि कंडेन्सरच्या ४८ व्होल्टवर ती ऐकू येते. तपासायला एक घरगुती चाचणी ठरवली: केबल फरशीवर ठेवायची, गेन (इंटरफेसवरचं आवाज वाढवायचं बटण) रेकॉर्डिंगच्या जागी, आणि लाटण्याने दहा ठोके द्यायचे. पुढच्या प्रत्येक केबलला हेच लाटणं, हेच दहा ठोके. सासूबाईंनी दुसरं लाटणं आणा म्हणून सांगितलंय.

२२ जून, शनिवार

घूंचं निदान: जाळी विरळ आहे. सर्पिल जाळी वाकवली की फटी पडतात, त्यातून आवाज आत येतोय. उपाय: विणलेल्या जाळीची केबल. पुन्हा तापकीर गल्ली, ९५ रुपये मीटर, ८ मीटर, ७६० रुपये. हे निदान चुकीचं होतं, पण आज रात्री मी फार खूश झोपले. ते का, ते पुढे.

विणलेली जाळी सोलणं हे वेगळंच काम आहे. बाहेरचं आवरण कापताना जाळी कापली जाऊ नये, आणि नंतर ती एकेक केस सोडवून एका बाजूला पिळून घ्यायची. कात्रीने जाळी कापून टाकायचा मोह होतो. बाबांनी गोधडीचं दाभण आणून दिलं. दाभणाचं टोक विणीत घालून खालून वर ओढत जायचं, केस विंचरल्यासारखं. एका टोकाला बारा मिनिटं लागली, पण एक केस तुटला नाही. आधीच्या लीडचे कनेक्टर काढून इथे लावले.

रात्री साडेनऊला लीड लावली. घूं नाही! लाटण्याचे ठोकेही निम्म्याने मवाळ. घरभर सांगून आले.

२५ जून, मंगळवार

दुपारी वादळी पाऊस, दोन तास वीज नव्हती. संध्याकाळी सासूबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी तालमीला आल्या. पखवाज, टाळ, पेटी, सगळं मांडलं. हेडफोन लावला आणि घूं परत. शनिवारी नव्हती, आज आहे, तेवढीच, तशीच.

तालीम नंतर रेकॉर्ड करू म्हणून सांगितलं. मैत्रिणींनी चहा घेतला आणि "मोबाइलवर चांगलं येतं की गं" असं म्हणून गेल्या.

रात्री अकरापर्यंत दोन्ही टोकं उघडून डाग परत दिले. काही उपयोग नाही. एक चूक मात्र सापडली. एक्सएलआरला तीन पिनांखेरीज कवचाची एक चौथी पट्टी असते. ती मी हौसेने पिन १ ला जोडली होती, जाळी जितकी जास्त ठिकाणी जोडावी तितकं बरं असं वाटून. ती सोडवली. घूंत फरक शून्य, तरी आता ती जोडत नाही. दोन लीड एकमेकींना जोडल्या की मधला सांधा जमिनीवर लोळतो, आणि त्याचं कवच एखाद्या अर्थ केलेल्या पत्र्याला टेकलं तर जाळीला नको ती वाट मिळते.

२७ जून, गुरुवार

हा दिवस जपून लिहितेय.

बाबांनी सकाळी ही वही वाचायला मागितली. चष्मा लावून दोनदा वाचली. मग विचारलं, "१६ तारखेला वीज गेली होती का गं?" गेली होती, दुपारी. "१९ ला?" थोडा वेळ गेली होती. "आणि २२ ला?" नव्हती गेली.

मग ते काठी टेकत पॅसेजमध्ये गेले आणि इन्व्हर्टरच्या ट्रॉलीकडे बोट दाखवलं. लीडची वाट ट्रॉलीला चिकटून जाते. इतकंच नाही, जास्तीची केबल मी वेटोळं करून ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, इन्व्हर्टरला टेकून ठेवत होते. दिसायला नीटनेटकं.

वीज गेली की बॅटरी उतरते, आल्यावर इन्व्हर्टर ती तासन्‌तास चार्ज करतो. त्या वेळी आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून मोठा प्रवाह वाहतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र भोवती पसरतं. बॅटरी भरली की क्षेत्र जवळपास नाहीसं. २२ तारखेला मी केबल बदलली म्हणून घूं गेली नव्हती. त्या दिवशी बॅटरी भरलेली होती, एवढंच.

लगेच पाहिलं. मेन स्विच दहा मिनिटं पाडला, बॅटरीवर दोन पंखे चालवले, स्विच परत चढवला. इन्व्हर्टर चार्जिंगला लागला आणि हेडफोनमध्ये घूं. वेटोळं उचलून दोन फूट दूर धरलं, घूं गेली. परत टेकवलं, आली.

मी म्हटलं, "पण बाबा, विणलेली जाळी आहे, ९५ रुपये मीटरवाली."

"जाळीचा काय संबंध? जाळी रेडिओ अडवते, मोबाइलची टुकटुक अडवते. ट्रान्सफॉर्मरचं हे ५० हर्ट्झचं चुंबक तांब्याच्या जाळीतून आरपार जातं. आमच्या जमिनीखालच्या केबलमध्ये एकेका जोडीला कुठे होती जाळी? पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा, प्रत्येक जोडीला नुसता पिळ. आणि प्रत्येक जोडीचा पिळ वेगळ्या लांबीचा, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीत जायला नको. तू पिळ बघितलास का?"

नव्हता बघितला. हीच ती १५ जूनला न पाहिलेली गोष्ट. दोन्ही केबलींचे उरलेले तुकडे फाडले. ४० रुपयेवालीत तारांचा एक पूर्ण वेढा जवळजवळ ७ सेंटिमीटरला, ९५ रुपयेवालीत साडेपाचला. पिळ घट्ट असला की क्षेत्र दोन्ही तारांत सारखंच शिरतं आणि इंटरफेस दोघींतला फरक घेत असल्याने ते आपसांत वजा होतं. पिळ सैल असला की एक तार ट्रान्सफॉर्मरच्या जवळ आणि दुसरी लांब अशी जास्त वेळ राहते, मग वजाबाकी पुरी होत नाही.

आणि मी दोन शनिवार जाळ्या विकत घेत फिरत होते.

३० जून, रविवार

आज पालख्या पुण्यात. पेठांतले रस्ते बंद, त्यामुळे दुकानात जाणं नाही. सासूबाई दर्शनाला गेल्या, घर शांत. मोजमापं केली.

माइक लावून मोजलं तर खोलीतला आवाजही मोजला जातो. म्हणून खोटा माइक केला: उरलेल्या मेल एक्सएलआरमध्ये पिन २ आणि ३ च्या मधे १५० ओहमचा रेझिस्टर. बाबांच्या बिस्किटांच्या डब्यात तो सापडला. माइकच्या जागी हा लावायचा, फँटम (कंडेन्सरला जाणारे ४८ व्होल्ट) बंद, गेन तोच ठेवून वीस सेकंद रेकॉर्ड करायचं. लीडमध्ये जे शिरतंय तेवढंच येतं. (आकडा जितका जास्त उणे, तितकी घूं कमी.) इन्व्हर्टर चार्जिंगला लावून:

४० रुपयेवाली, ट्रॉलीला टेकून: उणे ५७ डेसिबल
९५ रुपयेवाली, ट्रॉलीला टेकून: उणे ६०
दोन्ही, ट्रॉलीपासून दोन फूट: उणे ८१ च्या आसपास, फरक सांगता येत नाही
लीड नसताना, खोटा माइक थेट इंटरफेसला: उणे ८४

५५ रुपये मीटरमागे जास्त मोजून तीन डेसिबल मिळाले. दोन फूट सरकून वीसच्या वर, फुकट.

मग सरळ लीड सरकवायची ना? पॅसेज सव्वातीन फुटांचा आणि ट्रॉली त्यात दीड फूट. लीड समोरच्या भिंतीला चिकटवून नेली तर जेमतेम पावणेदोन फूट अंतर पडतं आणि तिथे सगळ्यांचे पाय. ट्रॉली हलवायची तर इन्व्हर्टरचं वायरिंग लांबवावं लागेल. इलेक्ट्रिशियन "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हणालाय.

६ जुलै, शनिवार

चार तारांची केबल घेतली. क्वाड म्हणतात हिला. कानारेची एल-४ई६एस, निळ्या दोन, पांढऱ्या दोन, बारीक पिळाच्या, सुती धाग्याची भर आणि विणलेली जाळी. २१० रुपये मीटर, ८ मीटर, १,६८० रुपये. सोबत न्यूट्रिकचा मेल-फिमेल जोड, ७२० रुपये. बजेटचं काही बोलू नका.

गरज होती का? इन्व्हर्टरपासून लांब नेता आली असती तर नव्हती. पण मंडळवाल्या हीच लीड देवळातल्या कार्यक्रमाला नेणार, तिथे जनरेटर आणि लाइटचे डिमर कुठे असतील ते माझ्या हातात नाही. आणि थोडी हौस होतीच, नाकारत नाही.

घेण्याआधी एक भीती होती. क्वाडची कपॅसिटन्स (तारांमधे वीज साठून राहण्याचं प्रमाण) साध्या केबलच्या दुपटीला जाते, त्याने वरचे सूर मरतात असं वाचलं होतं. आकडे मांडले. मीटरला १५० पिकोफॅरड, साडेसात मीटरला सव्वाअकराशे. माइकचा इंपीडन्स (आतला विरोध) १५० ओहम. यात सूर मरायला लागतात ९४० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि माणसाला ऐकू येतं २० किलोहर्ट्झपर्यंत. गिटारच्या लीडला ही काळजी खरी, कारण तिथला इंपीडन्स हजारो ओहमचा. माइकला साडेसात मीटरवर विसरून जा.

न्यूट्रिकचा क्लॅम्प ३.५ ते ८ मिलिमीटरच्या केबलला चालतो. माझी ६ ची, व्यवस्थित आवळली गेली. साध्या कनेक्टरमध्ये मी दोन स्क्रू आवळून केबलचा चपटा पापड करत होते. माझ्या मते पैसे घालायचे तर आधी इथे घाला, केबलमध्ये नंतर.

७ जुलै, रविवार

कव्हर आणि बूट आधी चढवले. दोन्ही टोकांना. तिसऱ्या लीडला जमलं.

चार तारांत दोन निळ्या एकत्र पिळून पिन २, दोन पांढऱ्या एकत्र पिळून पिन ३. एकाच रंगाच्या तारा समोरासमोर बसवलेल्या असतात, त्यामुळे रंगाला रंग जोडला की झालं. रात्री पिवळ्या दिव्याखाली एक पांढरी आणि एक निळी एकत्र पिळली. लीड तयार झाल्यावर मल्टिमीटरने पिन २ आणि ३ मध्ये बीप दिला, तो द्यायला नको होता. उकललं, सकाळच्या उजेडात परत केलं. दोन तारा एका वाटीत मावत नाहीत असं वाटलं तर कथील लावायच्या आधी घट्ट पिळा, मावतात.

लावायच्या आधी मी आता एवढं तपासते: तिन्ही पिना आरपार, एकमेकींत बीप नाही, कवच कुठेच नाही, आणि हे सगळं टोक हलवत. मग माइक न लावता फँटम चालू करून माइककडच्या टोकाला मीटर: १ आणि २ मध्ये ४७.६ व्होल्ट, १ आणि ३ मध्ये तेवढेच, २ आणि ३ मध्ये शून्य. फँटम बंद करून, थोडं थांबून मगच माइक.

खोटा माइक लावून, ट्रॉलीला टेकून, इन्व्हर्टर चार्जिंगवर: उणे ७८. बाबांनी आकडा वहीत स्वतः लिहिला. लाटण्याचे दहा ठोके: आठवा आणि नववा जेमतेम ऐकू आले.

१३ जुलै, शनिवार

रेकॉर्डिंग. दुपारी दोनला सहा जणी, पखवाजाला एकीचा नातू. बाबांनी लीडच्या टोकाला पुठ्ठ्याचा टॅग दोऱ्याने बांधलाय, खात्यात बांधत तसा: "७.५ मी. निळी २, पांढरी ३, जाळी १."

तिसऱ्या अभंगात वीज गेली. इन्व्हर्टरवर सगळं चालू राहिलं, पंधरा मिनिटांनी वीज आली, चार्जिंग सुरू. मी श्वास रोखून हेडफोन कानाला दाबला. लीड गप्प.

तरी कुठेतरी बारीक घरघर होतीच. टॅगकडे पाहिलं, डाग आठवले, पोटात गोळा आला. मग माइक काढून लीडला खोटा माइक लावला, घरघर नाही. म्हणजे ती खोलीतच होती, माइक ती खरोखर ऐकत होता. स्वयंपाकघरातला फ्रीज. दार लावलेलं, तरी. फ्रीज बंद केला आणि उरलेले दोन्ही अभंग एका दमात झाले.

१४ जुलै, रविवार

हिशेब. पहिली केबल आणि चार कनेक्टर ६००, कथील व हीट श्रिंक १९०, दुसरी केबल ७६०, क्वाड आणि न्यूट्रिक २,४००. एकूण ३,९५० रुपये आणि येण्याजाण्यासकट साधारण १९ तास. नुसती क्वाड पहिल्याच दिवशी घेतली असती तर २,६०० च्या आत. उरलेल्या दोन केबलींपैकी विणलेल्या जाळीची डायनॅमिक माइकला ठेवलीय, सर्पिलवाली पखवाजवाल्या नातवाने मागून नेली.

इलेक्ट्रिशियन अजून आलेला नाही.

आणि फ्रीज काल रात्री चालू करायचा राहिला. दोन लिटर दूध नासलं. ते या खात्यात घालायचं की घरखर्चात, यावर सासूबाईंचं आणि माझं अजून ठरलेलं नाही.